ताटातले आणि टोपल्यातले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, "तू लंडनला जाऊन आलीस, तर तिकडच्या गमतीजमती सांग." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. हळदीकुंकवात उखाणा घ्यायची वेळ आली तरी मी मागच्या मागे सरकते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आणि तिकडचा राजवाडा, मोठे घड्याळ, नदीवरचा उघडमीट होणारा पूल हे सगळे तुम्ही मोबाईलवर माझ्याहून जास्त वेळा पाहिले असेल. तेव्हा त्यात तुमचा वेळ घेत नाही. मी तेथे एक काम केले, उरलेल्या अन्नाचे. तेवढेच सांगते, आणि त्यावरून आपल्या तेलगावबद्दल जे मनात आहे ते आपल्यापुढे ठेवते.

2023 च्या मे महिन्यात मी थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी गेले. ती लंडनमध्ये वेंबली नावाच्या भागात राहते. सव्वा महिना मला दुसरे काही सुचले नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला न्हाऊमाखू घालणे, सगळे आपल्यासारखेच केले. फक्त शेकशेगडी जमली नाही. तेथे घरात जरा धूर झाला की छताला लावलेले यंत्र असे बोंबलते की शेजारचे लोक जिन्यात येऊन उभे राहतात.

सव्वा महिना सरला, लेक हिंडूफिरू लागली, आणि मला दिवस जाईना. शेजारी एक गुजराती बाई होत्या, वय सत्तरीचे. जन्म आफ्रिकेतल्या कंपाला शहरातला. 1972 साली युगांडाच्या इदी अमीनने तेथल्या हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा त्या आईबापांबरोबर एका पेटीनिशी लंडनला आल्या. त्या मला म्हणाल्या, "बेन, आम्ही आलो तेव्हा अनोळखी लोकांनी आम्हांला जेवू घातले. म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस अन्नाच्या कामाला जाते. तुम्ही येता का?" 1972 म्हटल्याबरोबर मला सासूबाई आठवल्या. त्यांच्या तोंडी बहात्तर म्हणजे दुष्काळ, खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि बाहेरदेशाहून आलेला तांबडा मिलो. एकाच साली ती बाई तिकडे आणि माझ्या सासूबाई इकडे दुसऱ्याच्या धान्यावर जगत होत्या. मी जावईबापूंना विचारले. त्यांनी कायदा पाहून सांगितले की, पाहुणे म्हणून गेलेल्या माणसाला तेथे पगाराचे काम करता येत नाही, पण नोंदलेल्या धर्मादाय संस्थेत सगळे मिळून तीस दिवसांपर्यंत सेवा करता येते. मी मोजून चोवीस दिवस गेले.

त्या संस्थेचे नाव फेलिक्स प्रोजेक्ट. फेलिक्स हा एक मुलगा होता. 2014 साली, चौदा वर्षांचा असताना, मेंदूच्या तापाने तो अचानक गेला. तो एकदा चेंडूच्या सामन्यांना गेला होता, तेव्हा समोरच्या संघातली पोरे त्या दिवशी काही न खाताच खेळायला आली आहेत हे कळून त्याला फार वाईट वाटले होते. ते लक्षात ठेवून त्याच्या आईवडिलांनी 2016 साली त्याच्या नावाने हे काम सुरू केले. आपल्याकडे गेलेल्या लेकराच्या नावाने पाणपोई घालतात, शाळेला खोली बांधून देतात, तसेच हे. आई कोणत्याही देशाची असो, तिला आपल्या लेकराचे नाव कोणीतरी रोज घ्यावे असे वाटते.

वेंबलीजवळ पार्क रॉयल नावाची कारखान्यांची वस्ती आहे. तेथे त्यांचे गोदाम होते. हिरव्या गाड्या पहाटे बाहेर पडत. मोठमोठ्या दुकानांतले, बाजारपेठेतले, कंपन्यांतले जे अन्न चांगले असून विकले जाणार नाही ते घेऊन येत आणि शाळांना, वृद्धांच्या मंडळांना, बेघरांच्या निवाऱ्यांना पोचवत. दुकानदार चांगले अन्न का देतो, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. कुठे खोक्यावरचे चित्र चुकलेले असते. कुठे गाजर वाकडे असते. सणासाठी जास्त माल मागवलेला असतो आणि सण होऊन जातो. ठेवायला जागा नाही, फेकायला पैसे पडतात. फ्रान्समध्ये तर 2016 सालापासून कायदाच आहे की, चारशे चौरस मीटरहून मोठ्या दुकानाने खाण्याजोगे अन्न नासवून टाकायचे नाही, वाटप करणाऱ्या संस्थेशी करार करायचा.

पहिल्या दिवशी मी साडी नेसून गेले. तेथल्या मुख्य बाईंनी हसून पण ठामपणे सांगितले की, लोंबता पदर चालणार नाही, चाकाच्या गाडीत अडकेल. तेव्हा लेकीचा पंजाबी ड्रेस, वर चकाकते जाकीट, हातमोजे, केसांना जाळी आणि पुढून टणक असलेले बूट, असा माझा थाट झाला. इंग्रजी मला येत नाही. पण कांदा निवडायला इंग्रजी कशाला लागते? गोणी उपडी करायची, हात फिरवायचा, मऊ लागला तो बाजूला. केळी, बटाटे, फ्लॉवर, ढबू मिरची. तिथली शिकलेली मुले एकेक बटाटा उचलून वाचल्यासारखा पाहत. माझे हात चार खोकी उरकून मोकळे होत. एका निवृत्त साहेबांनी माझ्याकडून कोथिंबीर निवडायची रीत शिकून घेतली. मोठे हुद्देदार होते म्हणे, पण सडकी काडी काढताना आमची दोघांची पायरी एकच होती.

निवडण्यात नवे काही शिकायचे नव्हते. शिकायचे होते ते तारखांत आणि उष्णतेत. तिकडे खोक्यावर दोन प्रकारच्या तारखा असतात. एकीचा अर्थ, या दिवसापर्यंत चव उत्तम. ती टळली तरी बिस्किटे, डाळ, पाव नीट असेल तर वाटता येतो. दुसरीचा अर्थ, या दिवसापर्यंतच खा. ती टळली की, वस्तू कितीही ताजी दिसो, वास कितीही चांगला येवो, एक डबासुद्धा गोदामाबाहेर जात नाही. तसेच गरम अन्न 63 अंशांच्या वर आणि गार अन्न 8 अंशांच्या खाली ठेवायचे, असा तिकडचा नियम. मधल्या कोमट उष्णतेत जंतू वाढतात. म्हणून गरम अन्न तेवढे गरम राहिले नाही, तर दोन तासांच्या आत खाल्ले गेले पाहिजे. आपल्याला वाटते दानाला मन मोठे लागते. तेथे मला दिसले की मन असून भागत नाही, घड्याळ लागते.

आता खाणारे कोण, ते सांगते. मला वाटायचे, लंडनमध्ये उपाशी कोण असणार? एके दिवशी चालकाबरोबर मी गाडीतून गेले. एका चर्चच्या दिवाणखान्यात माल उतरवला. तेथे टेबलांवर वस्तू दुकानासारख्या मांडल्या होत्या. लोक पिशवी घेऊन येत, हवे ते आपल्या हाताने उचलत. कोणी कोणाच्या पदरात टाकत नव्हते. आलेल्यांत म्हातारी माणसे होती, कडेवर मूल घेतलेल्या बाया होत्या, आणि कामावरचा गणवेश अंगावर असलेलेही होते. घरभाडे आणि विजेचे बिल भरले की पगार संपतो, मग जेवणात काटकसर. रांगेत एक आपल्याकडची मुलगी होती. मी खोक्यातली जुडी उचलून सवयीने "मेथी दिसते" असे पुटपुटले, त्यावरून तिने वळून पाहिले, आणि मग तोंड फिरवले. कर्ज काढून शिकायला आलेली असावी. मी जवळ जाऊन फक्त एवढेच म्हटले, "बाळ, मेथी कोवळी आहे, घेऊन जा." ती हळूच म्हणाली, "काकू, इथलं कुठं बोलू नका." एरवी परमुलखात मराठी माणूस दिसले की आपण आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग मामाकडचे गोत. मी तिचे गाव विचारले नाही. आज तुम्हांला सांगते आहे ते तिचे नावगाव मलाच ठाऊक नाही म्हणून.

अन्नाची पेढी ही कल्पना निघाली कोठून, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत फिनिक्स नावाच्या गावी जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ धर्मादाय भोजनगृहात सेवा करीत. त्यांना एक दहा मुलांची आई भेटली. दुकानामागच्या टोपलीत टाकून दिलेले, पण खाण्यासारखे अन्न वेचून ती मुले पोसत होती. ती म्हणाली की, पैसे ठेवायला आणि काढायला जशी पेढी असते तशी अन्नाचीही असायला हवी. त्यावरून 1967 साली त्यांनी पहिली अन्नपेढी काढली. नाव व्हॅन हेंगेल यांचे झाले, ते रास्तच आहे, पण बुद्धी त्या बाईची. दहा लेकरांची आई असल्याशिवाय असे सुचत नाही.

हे सगळे परदेशातलेच आहे असे समजू नका. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, डिसेंबर 2015 मध्ये युसुफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासदाने घरच्या दोन पोळ्या आणि भाजी आणून द्यायची, गरजू माणसाने येऊन न्यायची. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही रोटी बँक काढून लग्नसमारंभातले उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्यास आरंभ केला. केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने 2019 साली उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियमही केले आहेत. अशा संस्थेने नोंदणी करावी आणि अन्न कोठून आले, कोठे गेले याची नोंद ठेवावी, असे त्यात आहे. तेव्हा हे आता नुसते पुण्याचे काम राहिलेले नाही, वहीचेही आहे.

एक आकडा सांगते आणि मग गावाकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात आहे की, 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. मला वाटले होते, हॉटेले आणि लग्ने यांचा वाटा मोठा असेल. तसे नाही. शंभरातले साठ भाग घराघरांतून गेले, म्हणजे आपल्या चुलीपासून. सकाळची भाकर संध्याकाळी कुस्करून फोडणीला टाकणारी आपली सासू या हिशेबात फार शहाणी ठरते. सुनांनी नाके मुरडू नयेत.

आता तेलगाव. आपले गाव चार वाटांवरचे. बीड-परळीचा रस्ता आणि माजलगाव-धारूरचा रस्ता येथे भेटतात, म्हणून आजूबाजूची कार्येही आपल्याकडे होतात. तुळशीची लग्ने लागली की मंगल कार्यालये भरतात. त्याच वेळी सोळंके साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला असतो आणि टायरगाडीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या असतात. एकीकडे बुंदीच्या पराती, आणि हाकेच्या अंतरावर पहाटे तीनला उठून भाकरी थापून फडात जाणारी बाई, जिची लेकरे दिवसभर कोपीत त्याच गार भाकरीवर असतात. हे कोणी परके नव्हेत. आपल्या जिल्ह्यातून किती कोयते दरसाल सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात! येथे बसलेल्यांपैकी कितीजणींनी उचल घेऊन ऊस तोडला आहे, हे मी हात वर करून विचारणार नाही, पण तुमचे तुम्हांला माहीत आहे.

गेल्या लग्नसराईत एका कार्याच्या दिवशी मी आणि आपल्या गल्लीतल्या दोघीजणी मुदपाकखान्यात गेलो. यजमानीणबाई ओळखीच्या. पंगती उठल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोन मोठ्या टोपल्या पुऱ्या, परातभर बुंदी आणि पातेलेभर बटाट्याची भाजी जशीच्या तशी उरलेली. आचाऱ्याला भाजी कधी उतरवली ते विचारले, तीच पुन्हा खदखदून गरम करवली, झाकणाच्या भांड्यांत भरली, आणि चारच्या आत कोप्यांवर पोचलो. भात नेला नाही. शिजलेला भात तासन्‌तास कोमट पडून राहिला की बाधतो, आणि पुन्हा गरम केल्यानेही ती बाधा जात नाही.

कोप्यांवर पाटोद्याकडची एक बाई होती. फडातून नुकतीच आलेली, हातपाय पाल्याने कापलेले. लेकरे भांड्यांभोवती जमली. तिने त्यांना मागे सारले आणि मला विचारले, "बाई, ताटातलं हाय का टोपल्यातलं?"

बहिणींनो, लंडनला गोदामाच्या भिंतीवर लावलेले सगळे नियम त्या एका प्रश्नात होते. मी म्हटले, "टोपल्यातलं. कुणाचा हात लागला नाही. आम्ही बी तेच खाऊन आलोत." तिने भाजीचे झाकण काढून वास घेतला, एक पुरी मोडून पाहिली, आणि मगच लेकरांना ताटल्या आणायला सांगितले. आम्ही निघालो तर तिने वाढ्याची एक मोळी आणून आमच्या पायाशी टाकली. "गाईला न्या," म्हणाली. माझ्याबरोबरची म्हणाली, "अगं, राहू दे, तुला विकून चार पैसे येतील." मी तिला डोळ्याने गप्प केले आणि मोळी डोक्यावर घेतली. ती मोळी नाकारली असती तर आमच्या पुऱ्या उष्ट्या झाल्या असत्या.

त्यानंतर गावात बोलणे झाले ते मी लपवीत नाही. एक म्हणणे असे की, बायकांनी टोपल्या घेऊन रस्त्याने फिरणे शोभत नाही. त्याला मी उत्तर देत बसत नाही. दुसरे म्हणणे असे की, कोणाला बाधले तर मंडळाच्या माथी येईल. हे म्हणणे खरे आहे आणि ते बोलणाऱ्या काकूंचे मी आभार मानते. म्हणून माझे मागणे पथ्याचे आहे. ताटातले काही घ्यायचे नाही. बासुंदी, श्रीखंड, खवा, ताक, भात घ्यायचा नाही. भाजी-वरण पुन्हा उकळल्याशिवाय हलवायचे नाही, आणि उकळल्यापासून दोन तासांत पोटात गेले पाहिजे. चैत्र-वैशाखातल्या उन्हात कोरडेच न्यायचे. शंका आली की गुरांना, माणसांना नाही. आणि मंडळाची रीतसर नोंदणी झाल्याशिवाय ही गोष्ट वाढवायची नाही. ते कागद पाहायला ग्रामसेवकांशी बोलणे झाले आहे.

तिसरे बोलणे यजमानांचे. "आमच्या घरचे उरले असे सांगू नका." का, तर उरले म्हणजे माणसे आली नाहीत असे लोक म्हणतील. आणि कमी पडले तर नाक जाते, म्हणून पाचशे पाने असली की आठशेचा शिधा काढायचा. आमच्या गल्लीत एका कार्याचे कर्ज अजून फिटलेले नाही आणि त्या दिवशीचा शिरा ओढ्यात गेला तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. तिकडच्या गोदामातही मला हेच वाटे की, आम्ही इतकी माणसे नदीच्या शेवटच्या टोकाला घागरी घेऊन उभी आहोत, वर बांध कोणी घालीत नाही. नेऊन वाटण्यापेक्षा आधी मापात शिजवणे हे जास्त कठीण आहे, कारण त्यात पुण्य नाही आणि कोणी फोटोही काढीत नाही. फोटोवरून आठवले. कोप्यांवर मोबाईल काढायचा नाही. वाढणारीचाही नाही आणि खाणारीचाही नाही.

यंदाचा हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होईल. तोपर्यंत घट्ट झाकणाची चार मोठी भांडी लागतील. दोन मंडळाकडे आहेत, ती कल्हई करून घ्यावी लागतील. रिक्षावाले आपल्यातलेच आहेत, त्यांनी भाडे नको म्हटले आहे, पण पेट्रोलचे आपण द्यावे असे माझे मत. आठवड्याला तिघी याप्रमाणे पाळी लावली तर बारा-पंधराजणी पुरतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी पानसुपारीच्या वेळी चिटणीसबाईंच्या वहीत नाव घालावे. घरी विचारून घालावे, म्हणजे मागून खोडायला नको. आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी आचाऱ्याला पाने सांगण्याआधी एकदा माझ्याकडे यावे. मी हिशेब करून देईन. कांदे-बटाट्यांचा अंदाज मला आता बरा येतो.